गाडी आधी आली, भूत नंतर

नाशिकच्या तीन मित्रांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रात्री कोकणात जाणाऱ्या गाडीत घडणारा दीड तासाचा मराठी भयपट करायचाय, पैसे जेमतेम. पटकथेत आठ डबे, पांढऱ्या साडीतली बाई, वीसेक मृत्यू आणि शेवटी गाडी दरीत. खऱ्या गाडीत शूट करावं की सेट लावावा? आणि सगळे ‘हॉरर एक्सप्रेस’ बघा म्हणतात. आम्ही बघितला, पण त्यातली गाडी खेळण्यातली वाटते, मग त्यातून नेमकं काय घ्यायचं?

गाडी खेळण्यातली वाटते कारण ती खेळण्यातलीच आहे. त्याबद्दल वाद नाही. मी सत्तावीस वर्षं आर्ट डिपार्टमेंटमध्ये काढली, त्यात पाच वेळा रेल्वेचा डबा उभा केला. एकदा तर चाळीत, खऱ्याखुऱ्या व्हरांड्यात. दर वेळी काम सुरू करायच्या आधी मी हा चित्रपट पुन्हा लावतो. गाडी बाहेरून कशी दिसते ते बघायला नव्हे. आत किती कमी आहे आणि तरी किती पुरलंय, हे बघायला.

आधी चित्रपटाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तो कसा बनला यातच आहे. १९७२चा स्पॅनिश-ब्रिटिश चित्रपट, दिग्दर्शक युजेनिओ मार्टिन, शूटिंग माद्रिदला. निर्माता बर्नार्ड गॉर्डन हा मूळचा हॉलिवूडचा पटकथालेखक. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांची कामं बंद केली गेली, त्या काळ्या यादीतला माणूस. पटकथा लिहिणारे दोघे, आर्नो द्युसो आणि ज्युलियन झिमेट, तेही त्याच यादीतले. म्हणजे घर सुटलेल्या मंडळींनी परक्या देशात, मोजक्या पैशात केलेलं काम. बजेट तीन लाख डॉलरच्या आसपास सांगितलं जातं.

आणि मुद्द्याची गोष्ट ही, की कथा आधी नव्हती. दुसऱ्या एका मोठ्या चित्रपटासाठी बनवलेली गाडी निर्मात्यांच्या हाती लागली आणि ती वापरता यावी म्हणून कथा शोधली गेली, असं स्वतः मार्टिननं सांगितलंय. गाडी आधी आली, भूत नंतर. तुमचं उलटं झालंय. भूत आधी आलं, आठ डब्यांची ऑर्डर घेऊन आलं, आणि आता तुम्ही गाडी शोधताय.

कथा अशी. साल १९०६. प्रोफेसर सॅक्स्टन, म्हणजे ख्रिस्तोफर ली, मांचुरियातल्या गुहेत गोठलेला एक प्राचीन वानर-माणूस शोधतो आणि पेटीत घालून ट्रान्ससायबेरियन गाडीनं युरोपला निघतो. त्याच गाडीत त्याचा जुना प्रतिस्पर्धी डॉक्टर वेल्स आहे, पीटर कुशिंग. शिवाय एक पोलिश काउंट, त्याची बायको, त्यांच्याबरोबरचा, रशियन झारच्या दरबारातल्या रास्पुतिनच्या वळणाचा साधू, एक हेर बाई, एक इंजिनिअर आणि पोलीस इन्स्पेक्टर मिरोव. पेटीतलं जे आहे ते जागं होतं. डोळ्यात डोळे घालून ते समोरच्याच्या मेंदूतलं सगळं ओढून घेतं. माणूस मरतो, डोळे पांढरेफटक होतात, डोळ्यांतून रक्त येतं. कवटी कापून बघतात तर मेंदू गुळगुळीत, एकही वळी नाही. पाटी पुसावी तसा.

आता हे बघा. इन्स्पेक्टर मिरोव गोळ्या घालून त्या केसाळ प्राण्याला मारतो. चित्रपट अजून अर्धाही झालेला नाही आणि राक्षस मेला! तिथे लक्षात येतं की तो प्राणी म्हणजे नुसती खोळ होती. आतलं जे होतं ते मिरोवमध्ये गेलंय. पुढे ते साधूत जातं. म्हणजे राक्षसाचा पोशाख मोजून काही मिनिटं पडद्यावर आहे. उरलेला वेळ राक्षस म्हणजे कोटातला एक माणूस. अंधार झाला की डोळे लाल, बास.

एखादा प्रोड्यूसर हे ऐकून खूश होईल आणि प्रेक्षक जास्त घाबरेल, असं क्वचित जुळून येतं. पोशाख, मेकअप, रबर, केस हा सगळा खर्च कथेनंच उडवून टाकला आणि वर ‘आता कोणात आहे?’ हा प्रश्न फुकट मिळाला. आपल्याकडे याला परकं काहीच नाही. झपाटणं, अंगात येणं, झाडानं धरणं, हे सगळं याच जातीचं. आजीनं सांगितलेल्या गोष्टीत भुताला कधी मेकअप लागला होता? शेजारची वहिनी बोलता बोलता दुसऱ्याच आवाजात बोलायला लागायची, तिथेच पाय पोटाशी जायचे. तुमच्या पांढऱ्या साडीवाल्या बाईला आधी रजा द्या. तिला केस हवेत, वारा हवा, वायरवर लटकवणारी माणसं हवीत. तिच्याऐवजी टीसी घ्या. एकदा टीसीला धरलं की त्याला प्रत्येक डब्यात जायचा हक्क आहे, प्रत्येकाला उठवायचा हक्क आहे, आणि मध्यरात्री त्यानं तोंडावर टॉर्च मारला तरी कुणी काही म्हणत नाही.

कमी पैशातली भीती कशी असते याचा नमुना बघायचा तर सुरुवातीचा स्टेशनवरचा प्रसंग काढा. साधू म्हणतो या पेटीत सैतान आहे. लोक हसतात. तो खडू घेतो, बाजूला क्रूस काढतो, उमटतो. मग पेटीवर काढायला जातो आणि खडू उमटतच नाही. रेघच पडत नाही. सॅक्स्टन म्हणतो, हातचलाखी आहे, आणि विषय संपतो. खर्च किती? एक खडू. पण यानंतर त्या पेटीकडे तुम्ही साध्या नजरेनं बघू शकत नाही. मी नव्या मुलांना हा प्रसंग तीन-तीनदा दाखवतो. कुणीतरी विचारतंच, सर, खडू का उमटला नाही, कसं केलं असेल? पृष्ठभागावर मेण घासा, तेलाचा हात फिरवा, किंवा खडूच्या रंगाचं दुसरं काहीतरी हातात द्या. आर्टवाल्याचं दहा मिनिटांचं काम आहे ते. ते सुचणं मात्र लेखकाचं काम.

दुसरा प्रसंग सामानाच्या डब्यातला. पेटी बंद, बाहेर कुलूप. फटीतून एक केसाळ हात बाहेर येतो, हातात वाकवलेला खिळा. आणि तो हात शांतपणे कुलूप उघडतो. माकडाला कुलूप कसं उघडता आलं? कारण गाडी सुटायच्या आधी स्टेशनवर एक चोर ती पेटी फोडायला आला होता आणि मेला होता. त्याच्या डोक्यातली कला आता याच्याकडे आहे. हे कोणी संवादात समजावून सांगत नाही, निदान त्या क्षणी तरी नाही. प्रेक्षक स्वतः जोडतो आणि जोडता जोडता घाबरतो. लक्षात घ्या, सेटवर काय होतं? एक पेटी, एक कुलूप, एक हातमोजा.

तुमच्या वीस मृत्यूंबद्दल इथेच सांगतो. ‘हॉरर एक्सप्रेस’मध्येही माणसं बरीच मरतात, पण पहिल्या तासात जो मरतो तो त्याच्या डोक्यात काहीतरी आहे म्हणून मरतो. चोराचं कसब, हेर बाईची कारस्थानं, इंजिनिअरचं शास्त्र. प्रत्येक मुडद्यामागे राक्षस थोडा शहाणा होतो. तुमच्या पटकथेत माणसं नुसती रांगेनं मरतात, मोजदाद वाढते, भीती नाही. पाच ठेवा. पण प्रत्येकाकडून त्यानं काय घेतलं ते ठरवा. कुलीकडून गाडीतल्या वाटा घेतल्या, शाळामास्तरांकडून भाषा घेतली, एखाद्या आईकडून अंगाई घेतली. ती अंगाई पुढे टीसीच्या तोंडून ऐकू आली की बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न: खरी गाडी की सेट.

खऱ्या गाडीत शूट करता येतं. त्या भागातल्या रेल्वे झोनच्या जनसंपर्क कार्यालयातून परवानगी लागते, पटकथा द्यावी लागते, भाडं, अनामत, विमा सगळं रीतसर. आणि पटकथेत गाडी दरीत पडते, साखळी काम करत नाही, टीसी खुनी निघतो हे वाचल्यावर समोरचा साहेब चष्मा काढून तुमच्याकडे बघणार हे धरून चाला. बाहेरचे दोन-चार शॉट, गाडी सुटते, फलाट, सिग्नल, एवढ्यासाठी जरूर परवानगी काढा. पनवेलजवळच्या आपटा स्टेशनवर इतकी शूटिंग झाली आहेत की तिथल्या चहावाल्याला लेन्सचे नंबर माहीत असतील. पण आतलं सगळं सेटवर करा.

‘हॉरर एक्सप्रेस’मध्ये डब्याचा आतला सेट एकच होता. एका डब्यातले सगळे प्रसंग आधी उरकायचे, मग त्याच सांगाड्याची सजावट बदलून दुसरा डबा करायचा आणि तिथले सगळे प्रसंग घ्यायचे. जेवणाचा डबा, काउंटचा मखमली डबा, सामानाचा डबा, सगळी एकाच सांगाड्याची लेकरं. तुम्हाला हेच करायचंय. स्लीपर आधी, कारण त्याचं निळं रेक्झिन सगळ्यात लवकर मळतं आणि ते मळलेलंच हवं असतं. मग पँट्री. शेवटी गार्डाचा आणि लगेजचा डबा, कारण त्यात बर्थ काढून टाकायचे असतात आणि काढलेले बर्थ परत कोणी बसवत नाही, मी सांगतो.

यात एक अडचण आहे. शूटिंग डब्याच्या क्रमानं झालं की कथेचा क्रम विस्कटतो. जो नट सकाळी मेलेला असतो तो दुपारी जिवंत होऊन चहा मागतो. म्हणून भिंतीवर एक मोठा तक्ता लावा: कोण कुठल्या प्रसंगात जिवंत, कोणाच्या शर्टावर कुठे डाग, कोणाच्या डोळ्यांत काय. हे काम असिस्टंटच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. भिंतीवर.

मापं. आपल्या जुन्या आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातल्या, डब्याची रुंदी साधारण सव्वातीन मीटर आणि लांबी एकवीस मीटरच्या पुढे. माझ्या पहिल्या सेटला मी यार्डात जाऊन टेपनं इंच-इंच मोजून आलो होतो आणि अगदी तस्साच डबा बांधला. प्लाय, रंग, पंख्याची जाळी, खिडकीच्या खालचा तो खटका, सगळं हुबेहूब. मला कोण अभिमान! कॅमेरामन आला, आत शिरला, एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, “दादा, झकास झालाय. आता मी उभा कुठे राहू?” भिंत काढा म्हणाला. भिंत निघेना, कारण मी आणि सुतारानं मजबूत व्हावी म्हणून सगळा सांगाडा एकत्र खिळ्यांनी ठोकला होता. रात्री अकरा वाजता करवत लावली. पहाटे पाचला डबा दोन तुकडे होऊन उभा होता आणि सुतारकाका माझ्याकडे न बघता बिडी ओढत होते. त्यांना आदल्या आठवड्यातच शंका आली होती. मी विचारलं नव्हतं.

तेव्हा: भिंती तीन-साडेतीन फुटांच्या तुकड्यांत, नट-बोल्टनं जोडलेल्या, प्रत्येक तुकडा दोन माणसांनी उचलता येईल असा. छपराचेही तुकडे सुटे, म्हणजे वरून लाइट टाकता येतो. मधली वाट खऱ्यापेक्षा वीतभर रुंद. प्रेक्षकाला कळत नाही, कॅमेऱ्याच्या ट्रॉलीला कळतं. अख्खा एकवीस मीटरचा डबा बांधू नका, सात-आठ मीटर पुष्कळ झाले. टोकाच्या दाराला आरसा लावून लांबी वाढवता येते, फक्त त्यात फोकस ओढणारा पोरगा दिसणार नाही एवढं बघा.

गाडी हलते कशी? डबा हलवायचा नसतो. हलवलाच तर सांगाड्याखाली एक लांब बल्ली टेकू देऊन ठेवा, टोकाला दोन माणसं, अधूनमधून एक हलका दणका, रूळ बदलताना बसतो तसा. पण नव्वद टक्के काम उजेड करतो. खिडकीबाहेर मोठ्या लाकडी चक्रावर फांद्या बांधून त्यामागे लाइट ठेवायचा आणि चक्र फिरवायचं. झाडांच्या सावल्या डब्यातून धावत जातात. मध्येच एक लाइट दादा हातात दिवा घेऊन खिडक्यांसमोरून पळत जातो, म्हणजे स्टेशन मागे पडलं. आणि आत दोन गोष्टी सतत हलत्या ठेवा. पेल्यातलं पाणी आणि टांगलेली पिशवी. त्या एका दोऱ्यानं हलवायच्या, एकाच लयीत. नटांना सांगा, उभं राहताना पाय थोडे फाकवून, गुडघे सैल. गाडीत ताठ उभा राहणारा माणूस खोटा दिसतो, भुतापेक्षा खोटा.

माद्रिदच्या मंडळींची एक सोय तुम्हालाही होईल. त्या काळातल्या बहुतेक स्पॅनिश चित्रपटांसारखं याचंही शूटिंग मुख्यतः आवाजाशिवाय झालं, संवाद नंतर डब केले. इंग्रजी आवृत्तीत ली, कुशिंग आणि तिसरा मोठा नट टेली सॅव्हालस यांचे आवाज त्यांचे स्वतःचेच आहेत. प्लायचा डबा करकरतो, चक्र घरघरतं, बल्लीवाले एकमेकांना ओरडतात. सिंक साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज घ्यायचा, हट्ट धरलात तर साउंडवाला दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं कळवेल. पैसे डबिंगसाठी राखून ठेवा. त्यातच गाडीचा आवाज नीट बसवा. इंटरनेटवरचा ‘खडक-खडक’ उचलून चिकटवू नका. तो आवाज रुळांच्या जोडांचा असतो. आपले रूळ मूळचे तेरा मीटरचे. ताशी साठच्या वेगानं चाक पाऊण सेकंदाला एक जोड ओलांडतं. आता मेन लाइनवर रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात, तिथे ही लय जवळपास गेलीच. उरते ती नुसती घरघर, आणि रुळांच्या फाट्यांवर अचानक खडखडाट. गाडी आजची असेल तर अशीच ठेवा: सपाट घरघर, बोगदा आला की कानात दडे. आणि ज्या डब्यात ‘ते’ आहे तिथेच फक्त जुन्या जोडांची लय ऐकू येऊ द्या. प्रेक्षकाला कारण कळणार नाही. अंगावर काटा येईल.

लाल डोळ्यांचं विचाराल म्हणून सांगतो. पांढऱ्या किंवा लाल कॉन्टॅक्ट लेन्स बाजारात मिळतात, पण नेत्रतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कोणाच्या डोळ्यांत घालू नका. घातल्यावर धड दिसत नाही, अरुंद वाटेत नट आपटतो, आणि धुरानं डोळे चुरचुरले की दिवसाचं काम गेलं. त्यापेक्षा ट्रकच्या मागे लावतात ती लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणा. नखाएवढे गोल कापा, मिटलेल्या पापण्यांवर मेकअपच्या गोंदानं हलके चिकटवा आणि लेन्सला अगदी खेटून एक छोटा टॉर्च धरा. ही पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणून टॉर्च लेन्सला खेटूनच हवा. वीतभर बाजूला गेला की डोळे विझतात. डबा अंधारात, दोन लाल ठिपके, ते हळूच वर येतात. टॉर्च पेटवा-विझवा केला की डोळे उघडझाप करतात. पट्टीची किंमत चहापेक्षा फार जास्त नाही.

डोळ्यांवरून आठवलं. चित्रपटात मेलेल्या प्राण्याच्या डोळ्यातला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि त्यात त्यानं पाहिलेलं दिसतं. आधी अलीकडचं, मग डायनोसॉर, मग अवकाशातून दिसणारी पृथ्वी. त्यांनी काय केलंय, स्थिर चित्रं गोल चौकटीत ठेवलीत. बास. पण तुम्ही पडद्याला डोळे लावून बसता. याला थोडा इतिहासही आहे. प्रकाश पडला की डोळ्याच्या आतल्या पडद्यातला (रेटिनातला) रंग फिका पडतो हे फ्रान्झ बोल यानं १८७६ मध्ये दाखवलं. मग हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनेनं सशाला गजांच्या खिडकीसमोर ठेवून, मारून, त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर तुरटीनं ती गजांची आकृती पक्की केली. खुन्याचा चेहरा मृताच्या डोळ्यात सापडेल असं त्या काळी लोकांना खरंच वाटत होतं. म्हणजे १९०६ सालच्या दोन शास्त्रज्ञांनी डोळा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणं अगदीच अचाट नाही. आणि आपल्याकडे तर नागाला मारलं की मारणाऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यात राहतं आणि नागीण ते बघून सूड घेते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुम्हाला हे वापरता येईल. फुकट आहे.

आता एक गोष्ट जी सेटनं भागत नाही: नट. हा चित्रपट आज लोक का बघतात? कॉपीराइटच्या भानगडीत अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा झाला, त्यामुळे स्वस्तातल्या कॅसेट, डीव्हीडी आणि रात्री उशिराच्या टीव्हीवर तो गल्लोगल्ली पोचला. मीही पहिल्यांदा पाहिला तो कॅसेट लायब्ररीतल्या अशाच मळक्या प्रतीवर, जिच्यात रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळा आयत. हे एक कारण. पण पोचलेला प्रत्येक चित्रपट टिकत नाही. हा टिकला ली आणि कुशिंगमुळे. दोघेही हे सगळं मनापासून करतात. गुळगुळीत मेंदू हातात घेऊन कुशिंग जितका गंभीर आहे तितका गंभीर माणूस शेक्सपिअर करतानाही नसतो. एका ठिकाणी इन्स्पेक्टर विचारतो, तुम्हा दोघांपैकीच एखादा राक्षस असला तर? कुशिंग दुखावल्यासारखा म्हणतो, राक्षस? अहो, आम्ही ब्रिटिश आहोत! हशा येतो, पण पात्र हसत नाही. तुमच्या पटकथेत भूत आल्यावर दोन पोरं विनोद करतात. ते काढा. प्रेक्षकाला हसू द्या, पात्रांना नको.

कुशिंग हा चित्रपट सोडून निघाला होता. त्याची बायको हेलन १९७१च्या जानेवारीत वारली होती आणि तो पार कोसळलेला होता. माद्रिदला पोचल्यावर त्यानं गॉर्डनला सांगितलं, मला जमणार नाही. लीनं उपदेश केला नाही, करार दाखवला नाही. शेजारी बसून जुन्या चित्रपटांच्या आठवणी काढल्या, गप्पा मारल्या. कुशिंग राहिला. मला पडद्यावरच्या त्या दोघांच्या खेळीमेळीत हे दिसतं, कदाचित माहीत असल्यामुळे दिसत असेल.

आणि तिसरा टेली सॅव्हालस. कोसॅक, म्हणजे झारच्या घोडदळातला, कप्तान कझान. चित्रपट पार पुढे गेल्यावर एका स्टेशनवर तो गाडीत चढतो, दारू, चाबूक, आरडाओरडा, सगळ्यांना दम, आणि थोड्या वेळात संपतो. काम मोजून काही मिनिटांचं, पण पोस्टरवर तिसरं नाव, आणि दमायला आलेला चित्रपट एकदम उसळतो. तुम्ही हेच करा. रंगभूमीवरचा एखादा खणखणीत ज्येष्ठ नट तीन दिवसांसाठी बोलवा, नाटकाचे प्रयोग नसतील त्या तारखा बघून. त्याचे सगळे प्रसंग एकाच डब्यात ठेवा. रेल्वे पोलिसांतला फौजदार करा, मधल्या स्टेशनवर चढणारा. पैसे कमी आहेत हे लपवू नका. संवाद चांगला असेल तर येतात, मी पाहिलंय.

चित्रपटात खोट नाही असं नाही. बायकांना करायला फारसं काही नाही. शेवटी मुडदे उठून चालायला लागतात, तिथे मला दर वेळी वाटतं की हा दुसराच चित्रपट सुरू झाला. पण त्याच्या आधी अवकाशातून आलेला तो परका जीव सॅक्स्टनला लालूच दाखवतो, मला मारू नकोस, माझ्याकडे असं ज्ञान आहे ज्यानं रोग आणि भूक मिटवता येईल. ली क्षणभर थांबतो. तो क्षण बघा.

प्रेक्षकाचा सगळ्यात खडूस प्रश्न असतो: साखळी का नाही ओढली? पुढच्या स्टेशनला का नाही उतरले? त्यांना उत्तर बाहेरच मिळालं, सायबेरियाचा हिवाळा. उतरला तो मेला. आणि मोबाइल नव्हते, निरोप जायचा तो तारेनं, स्टेशनावरून. तुमच्याकडे सायबेरिया नाही, पण कोकण रेल्वे आहे. ब्याण्णव बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर. गाडी पावसात, बोगद्यात, पुढे दरड कोसळल्यामुळे थांबलीय. रेंज नाही, बाहेर अंधार, दोन्ही बाजूंना भिंत. साखळी ओढायची गरजच नाही, गाडी थांबलेलीच आहे! आणि थांबलेली गाडी म्हणजे ना चक्र, ना फांद्या, ना बल्ली. तुमचं अर्धं बजेट इथे वाचतं. दीड तासातला तास तरी बोगद्यात काढा.

राहिला शेवट. ‘हॉरर एक्सप्रेस’मध्ये मॉस्कोहून तार येते, गाडी बंद फाट्यावर वळवा. तार वाचणारे बिचारे म्हणतात, युद्ध वगैरे असेल. सांधा बदलतात. आत ली शेवटचा डबा सोडवतोय, पुढे कडा. मग ती खेळण्यातली गाडी दरीत जाते. दिसते खेळण्यातलीच, पण तोवर तुमची माणसं मागच्या डब्यात आहेत, त्यामुळे चालून जातं.

तुम्ही दरी दाखवू नका. मिनिएचर, म्हणजे गाडीची छोटी प्रतिकृती, नीट करायचं तर मोठं लागतं, सेकंदाला जास्त फ्रेम घेऊन शूट करावं लागतं, धूळ बारीक चाळून घ्यावी लागते, आणि एवढं करून दोन सेकंद. त्याऐवजी घाटातलं कॅच सायडिंग घ्या. कर्जत-लोणावळा घाटात, दर ३७ फुटांना एक फूट अशा उतारावर, ब्रेक गेलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढावर थांबवायला हे फाटे ठेवलेत. गाडी कोकणातून परत येताना तिकडून नेता येणार नाही म्हणाल, तर कथेतली गाडी बदला, कोकणाचा हट्ट सोडा आणि बोगदेही घाटातलेच घ्या. सांध्याजवळच्या केबिनमधला माणूस, हातात फोन, समोर दोन खटके. पलीकडून सांगतात, गाडी फाट्यावर घे. तो विचारतो, ब्रेक गेलेत का? पलीकडे शांतता. तो खटका ओढतो. गाडी आपण बघतच नाही, फक्त केबिनच्या काचेवरून सरकत जाणारे खिडक्यांचे उजेड, एकामागून एक, आणि त्यातल्या एका खिडकीत दोन लाल ठिपके. चक्र तेच, फांद्यांच्या जागी पुठ्ठ्यात कापलेल्या खिडक्या.

पटकथा बदललीत की आलेख कागदावर डब्याचा प्लॅन काढा, एका चौकोनाला एक फूट. मला पाठवा. सुताराला त्याच्या आधी दाखवा.